घराखालचं लेकरू: पहिलं दफन उघडताना

पुरातत्त्वाच्या खणतीवर पहिलं दफन बहुतेक दुपारी साडेतीननंतरच लागतं. पाचला काम थांबायचं असतं, कामावरच्या बायकांचं लक्ष घराकडे लागलेलं असतं, आणि नेमकं तेव्हाच जुन्या घराच्या जमिनीत एका रांजणाची गोल कड डोकं वर काढते. अशा वेळी करायचं काम एकच, ते झाकायचं. कडेवर सुती कापड, त्यावर चाळलेली माती, वर ताडपत्री, आणि ताडपत्रीच्या कडांवर दगड. उरलेला तासभर खणतीसाठी आखलेला तो चौकोन झाडायचा, नोंदी पुऱ्या करायच्या आणि तंबूत जाऊन चहा घ्यायचा. ज्यांना हे जमत नाही त्यांनी दफनाला हात लावू नये असं माझं स्पष्ट मत आहे. मला स्वतःला ते पहिल्या वर्षी जमलं नव्हतं, म्हणूनच सांगते.

रात्री राखण मात्र ठेवा. जमिनीत तोंडाला तोंड लावून ठेवलेले दोन रांजण म्हणजे गावाच्या लेखी धनाचा हंडा. सकाळपर्यंत बातमी तीन गावं फिरून आलेली असते.

मी घोड, भीमा आणि प्रवरेच्या काठच्या ताम्रपाषाणयुगीन, म्हणजे तांब्याची आणि दगडाची हत्यारं सोबतच वापरणाऱ्या लोकांच्या, वसाहतींवर वीस-पंचवीस हंगाम काढले. पुढे जे लिहिलंय ते पहिल्यांदा खणतीवर जाणाऱ्या मुलामुलींसाठी. घरामागच्या पांढरीच्या, म्हणजे जुन्या वस्तीच्या मातीच्या, टेकाडात हौसेनं खुरपं घालणाऱ्यांसाठी हे नाही. उत्खननाला भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाचा परवाना लागतो. शेतात नांगराला किंवा विहीर खोदताना असं काही लागलं, तर हात आवरा, माती परत ढकला, आणि तलाठ्याला किंवा राज्याच्या पुरातत्त्व विभागाला कळवा. काढून घरी आणलेला रांजण म्हणजे नुसता रांजण. तो कुठे, कसा, कशाखाली होता हे गेलं की त्याचं तोंड बंद झालं.

आता तुमच्यासमोर काय असणार आहे ते आधी बघू.

इनामगाव डोळ्यांसमोर ठेवा. पुणे जिल्ह्यात, शिरूर तालुक्यात, घोड नदीच्या काठी. डेक्कन कॉलेजनं 1968 ते 1983 या काळात तिथे बारा हंगाम खणलं, ह. धी. सांकलिया, म. के. ढवळीकर, झै. दा. अन्सारी ही त्यातली मोठी नावं. इ.स.पू. 1600 च्या सुमारापासून 700 पर्यंत शेतकऱ्यांची वस्ती तिथे नांदली. मातीच्या भिंतींची घरं, धान्याच्या बळदी, चुली. आणि घरांच्या जमिनीखाली, अंगणात, त्यांचे मेलेले. दफनं दोनशेच्या वर मिळाली, त्यात लहान मुलांची फार. लेकराला जाड, राखाडी मातीच्या दोन रांजणांत ठेवायचं, रांजण आडवे करून तोंडाला तोंड लावायचं, आणि घराच्याच जमिनीत खड्डा करून उत्तर-दक्षिण पुरायचं. मोठ्या माणसाला रांजण नाही. सरळ उताणा निजवलेला, डोकं उत्तरेला, सोबत तोटीचं भांडं आणि कंगोरेदार वाडगा, लाल-नारिंगी रंगावर काळी नक्षी असलेले. आणि घोट्याखाली पाय तोडलेले. त्यावर पुढे येतेच.

हे सगळं पुस्तकात एका परिच्छेदात मावतं. खणतीवर त्यातलं एकेक वाक्य मातीतून सिद्ध करून काढावं लागतं. ‘घराच्या जमिनीखाली पुरलं’ हे तीन शब्दांचं वाक्य, पण ते लिहायचा हक्क मिळवायला दोन दिवस जातात.

आधी खड्डा

नव्या पोरांची नजर हाडावर असते. तुमची खड्ड्याच्या कडेवर हवी. तीन हजार वर्षांपूर्वी कुणीतरी खाली बसून, हातात काहीतरी घेऊन जमीन उकरली. ती कड म्हणजे त्या माणसाच्या हाताची खूण. हाड तर आपोआप तिथे आलंय.

कड दिसते कशी? सकाळी सात ते नऊ. ऊन तिरपं असतं तेव्हा. खुरप्याची धार जवळजवळ आडवी धरून अख्खा चौकोन एका पातळीत खरवडून घ्या, झाडा, मग झाडांवर औषध मारायच्या छोट्या पंपानं पाण्याचा नुसता तुषार मारा. चिखल नको. दहा मिनिटं थांबा. घराची चोपलेली जमीन घट्ट, पिवळट आणि लवकर सुकणारी. खड्ड्यात परत लोटलेली माती भुसभुशीत, त्यात राख, काळी माती, त्याच जमिनीचे फुटलेले तुकडे असं भेळ झालेलं, आणि ओल धरून ठेवणारी. बाजूची जमीन सुकते तेव्हा खड्डा अजून काळा असतो. त्या क्षणी खिळ्यानं कड आखून घ्या, कारण पाच मिनिटांनी सगळं एकरंगी होणार आहे.

आमच्याकडे शिरूरकडचे एक मामा होते, शाळेत चौथीपर्यंत गेलेले. ते खुरपं उलटं धरून मुठीनं जमीन ठोकत जायचे. टक, टक, टक, थप. ‘ताई, इथं बसकं बोलतंय बघा.’ तुषार मारल्यावर कड बरोबर तिथेच निघायची. हे पुस्तकात मिळत नाही. खणतीवर असे मामा असतील तर दोन दिवस त्यांच्या मागे मागे हिंडा.

कड मिळाली की खड्डा अर्धाच उतरवायचा. मधून सुतळी ताणा, एका बाजूची माती पाच-पाच सेंटिमीटरनं काढा, दुसरी बाजू भिंतीसारखी उभी ठेवा. आता त्या उभ्या छेदाकडे नीट बघा. घराची जमीन एकदाच केलेली नसते, दरवर्षी-दोन वर्षांनी तिच्यावर नवा थर चोपलेला असतो. छेदात ते थर पापडासारखे एकावर एक दिसतात. प्रश्न इतकाच, खड्ड्यानं कितवा थर फोडलाय, आणि कितवा थर खड्ड्यावरून अखंड गेलाय?

समजा, खालचे चार थर फुटलेत आणि पाचवा वरून सलग गेलाय. म्हणजे चौथी जमीन वापरात असताना लेकरू पुरलं, मग त्यावर पाचवी चोपली आणि घर चालूच राहिलं. त्याच जागी चूल पेटली, माणसं जेवली, निजली. आणि सगळेच थर फुटले असतील तर? तर घर पडून गेल्यावर दुसऱ्याच कुणी वरून खड्डा केला असेल, आणि ‘घराच्या जमिनीखाली’ हे शब्द तुम्हाला वापरता येणार नाहीत. दोन्ही दफनं वरून अगदी सारखी दिसतात.

माझं पहिलं दफन मी संध्याकाळच्या घाईत उघडलं. रांजण छान निघाला, शिबिरात टाळ्याही मिळाल्या. छेद मी ठेवलाच नव्हता. त्या दफनापुढे नोंदवहीत माझ्याच अक्षरात लिहिलंय: ‘थर अनिश्चित’. एवढ्या वर्षांत ते पान मी दोनदाच उघडलं.

मग मडकं

रांजण बहुधा मातीच्या भारानं दबून फुटलेला असतो, पण तुकडे आपापल्या जागी असतात. त्यांना आधार देणारी मातीच असते, म्हणून बाहेरची माती काढताना रांजणाखाली त्याच मातीचा ओटा ठेवायचा. वरचा तुकडा ‘जरा उचलून बघू’ असं कुणी म्हटलं तर त्याला चाळणीवर पाठवा. मी म्हणते ते थट्टेत घेऊ नका, खरंच पाठवा.

प्रत्येक तुकड्याला आकडा, वरून फोटो, फोटोत उत्तरेचा बाण आणि मोजपट्टी. होकायंत्र खुरप्याजवळ किंवा लोखंडी टेपाजवळ धरू नका, काटा त्यांच्याकडे वळतो आणि तुमचं उत्तर-दक्षिण उगीचच ईशान्येकडे कलतं. मग तुकड्यांच्या कडा बघायच्या. जुन्या फुटीवर मातीचं, चुन्याचं किटण चढलेलं असतं. ताजी फूट स्वच्छ, आतल्या रंगाची. तोंडाची कड जुनी फुटलेली असेल तर ती पुरतानाच फुटली की नंतर दबून, हे तुकडा आसपास मिळतो की नाही त्यावरून ठरतं. तुकडा तिथेच असेल तर दबून फुटली. खड्ड्यात कुठेच नसेल तर ती फुटकीच आणली होती, किंवा मुद्दाम फोडून आणली होती.

आता आतली माती. इथे थोडं थांबून सांगते, कारण भले भले इथे चुकतात.

दोन रांजण तोंडाला तोंड लावून पुरले की आत पोकळी राहते. माती लगेच भरत नाही. फटींतून, पावसाच्या पाण्याबरोबर, वर्षानुवर्षं झिरपत येते, आणि तिचे अगदी बारीक, साईसारखे थर बसतात. त्याआधीच मांस विरघळून गेलेलं असतं. सांधे सुटतात, हाडं घसरून रांजणाच्या पोटात तळाशी जमतात, कवटी घरंगळते. तीन हजार वर्षांनी तुम्ही उघडता तेव्हा दिसतो हाडांचा ढीग. आणि नोंद होते: ‘आधी दुसरीकडे ठेवून मग अस्थी गोळा करून भरल्या.’ अहो, लेकरू सबंध ठेवलेलं होतं. फक्त जागा पोकळ होती.

ओळखायचं कसं? आतल्या मातीचाही छेद ठेवा. साईसारखे थर असतील तर पोकळी होती. मग बारीक हाडं मोजा. बोटांची, मानेच्या मणक्यांची हाडं देह सडताना सगळ्यांत आधी सुटतात. दुसरीकडून अस्थी वेचून आणल्या असतील तर तीच मागे राहून जातात. इथे ती सगळी ढिगात असतील, दाताच्या कळ्यांपासून बोटाच्या पेरांपर्यंत, तर ते लेकरू देह म्हणूनच रांजणात गेलंय.

आणि शेवटी हाड

धातू हाडाला लावायचा नाही. बांबूच्या कामट्या घासून स्वतः करा, एक चपटी, एक टोकदार. रंगकामाचा मऊ ब्रश, आइस्क्रीमचा लाकडी चमचा, फुंकर मारायला रबरी फुगा. वर सावली हवीच. उन्हात उघडं पडलेलं ओलं हाड अर्ध्या तासात भेगाळतं आणि त्याचे पापुद्रे सुटतात. आमच्या दख्खनच्या काळ्या मातीत चुन्याचे खडे हाडाला घट्ट चिकटतात. ते तिथे उचकटू नका, प्रयोगशाळेत जाऊ द्या.

मोठ्या माणसात हाडं 206, नवजात बाळात तीनशेच्या आसपास तुकडे. कारण सांधायचं राहिलेलं असतं. हाडांची टोकं वेगळी असतात आणि ती हुबेहूब खड्यांसारखी दिसतात. चाळणीवरची बाई ती खडे म्हणून फेकते, त्यात तिची काय चूक? पहिल्याच दिवशी कामावरच्या सगळ्यांना एक-दोन नमुने हातात देऊन दाखवा. कवटीची टाळू भरलेली नसते, हाडं पाकळ्यांसारखी सुटी होऊन एकात एक बसलेली असतात. दुधाच्या दातांच्या कळ्या म्हणजे तांदळाच्या दाण्याएवढ्या पोकळ टोप्या, मुळं नसलेल्या. त्या एकेक जपा. लेकराचं वय सांगायला दातांएवढं खात्रीचं दुसरं काही नाही. पहिली पक्की दाढ सहाव्या वर्षाच्या सुमाराला येते, ती जबड्यात किती तयार झालीय यावरून वर्षाचा अंदाज येतो. मुलगा की मुलगी हे मात्र एवढ्या लहान हाडांवर नजर टाकून सांगता येत नाही. कुणी सांगू लागलं तर मान डोलवा आणि लिहू नका.

कवटीतली माती वेगळ्या पिशवीत, तिच्यात कानातली हाडं असतात. पोटाच्या जागची माती वेगळी. खड्ड्याबाहेरची एक पिशवी तुलनेसाठी. डीएनएसाठी आतल्या कानाभोवतीचं घट्ट हाड उपयोगी पडतं. ते घ्यायचं असेल तर आधी हातमोजे, तोंडाला मास्क, आणि हाड बळकट करायचं कोणतंही रसायन त्या आधी लावायचं नाही. चहा पीत पीत तर नाहीच.

मणी लागले आणि ते हिरवे असले तर तांबं आहे. धुवायचं नाही! तांब्याचा गंज शेजारच्या वस्तूत मुरतो आणि तिला कुजू देत नाही. नेवाशाला एका लेकराच्या गळ्यात तांब्याचे मणी मिळाले, त्यांत ओवलेल्या दोऱ्याचे तंतू टिकून होते. कुणी भाबडेपणानं पाण्यात बुडवून ब्रश मारला असता तर आज आपण त्या दोऱ्याबद्दल एक अक्षर बोललो नसतो.

पाय नसलेली माणसं

इनामगावच्या मोठ्यांच्या दफनांत घोट्याखाली पाय तोडलेले आहेत. मेलेल्यानं भूत होऊन चालत घरी येऊ नये म्हणून, असा अर्थ लावला जातो. अर्थ पटण्यासारखा आहे, लोकांना फार आवडतोही. पण तुमच्या चौकोनात असं काही लागलं तर अर्थ खिशात ठेवा आणि तीन गोष्टी तपासा.

खड्डा कुठे संपतो? नडगीच्या टोकाला लागूनच खड्ड्याची जुनी कड असेल, तर पाय पुरण्याआधीच गेले होते, त्यांना जागाच केलेली नव्हती. कड पुढे हातभर असेल आणि तिथे भुसभुशीत मातीचा दुसरा खड्डा शिरला असेल, तर पाय नंतर कुणी उकरून नेलेत, बहुधा नकळत. दुसरं, चाळणी. एका पायात 26 हाडं, दोन्हींत 52. मोठं हाड घूसही ओढून नेते, पण 52 पैकी एकही पेर, एकही नखाजवळचं बारीक हाड मिळालं नाही, तर ‘पाय नव्हते’ असं ठणकावून लिहा. त्यासाठी सगळी माती बारीक चाळणीतून गेलेली हवी, निम्मी नव्हे. तिसरं, नडगीचं खालचं टोक. कापल्याची खूण, तुटल्याची खूण आणि नांगरानं लागल्याची खूण वेगवेगळ्या असतात. हे मानवशास्त्रज्ञाला बघू द्या.

इनामगावातच एक गडी या सगळ्यांपेक्षा वेगळा होता. वस्तीच्या मध्यभागी, पाच खोल्यांच्या मोठ्या घराच्या अंगणात, चार पायांच्या मातीच्या रांजणात पाय मुडपून बसवलेला. घराला धान्याचं कोठारही होतं. त्याचे पाय शाबूत. गावचा मुखिया असावा म्हणतात. मला त्या रांजणापेक्षा ते पायच जास्त बोलके वाटतात. याला परत यायला कुणाची हरकत नव्हती बहुधा. पण बघा, मीसुद्धा लगेच अर्थ लावायला बसले.

नोंदवहीत म्हणूनच दोन पानं ठेवा. डाव्या पानावर दिसलं तेवढंच. माझ्या एका नोंदीतलं देते: ‘दोन्ही घोट्यांखालची हाडं नाहीत. खड्ड्याची कड डाव्या नडगीच्या टोकापासून 6 सेंमी. कड जुनी, वरचा थर अखंड. सगळी माती चाळली.’ उजव्या पानावर काय वाटतं ते. ‘बळी’, ‘शिक्षा’, ‘भुताची भीती’ हे शब्द उजव्या पानावर, आणि पेन्सिलीनं.

कामावरच्या बायकांबद्दल एक सांगायलाच हवं. रांजणात लेकरू आहे हे कळलं की घमेली खाली ठेवून त्या येतात, पदर डोक्यावर घेतात. एकदा एका आजींनी खड्ड्याच्या कडेला चिमूटभर हळद-कुंकू ठेवलं. म्हणाल्या, ‘आमच्यातबी दात यायच्या आधीचं लेकरू जाळत न्हाईत, पुरत्यात.’ खरंच आहे, आपल्याकडे बहुतेक घरांत तसंच करतात. म्हणून ती तीन हजार वर्षांची अखंड चालत आलेली रीत झाली का? मध्ये काय काय झालं ते कुणी सलग जोडून दाखवलेलं नाही, तेव्हा मी तसं लिहिणार नाही. पण ते हळद-कुंकू मी झाडूही दिलं नाही. ठेवायचं असेल तर खड्ड्यापासून वीतभर लांब ठेवा, आमच्या मातीच्या नमुन्यात यायला नको, एवढंच सांगितलं. त्यांनी लगेच ऐकलं.

उचलताना हाडं पातळ मऊ कागदात, कवटी मातीसकट, पेटीत खाली चाळलेली वाळू. प्रत्येक पिशवीत एक चिठ्ठी आत, एक बाहेर, दोन्ही पेन्सिलीनं लिहिलेल्या. शाई ओलीनं पसरते.

सगळं निघाल्यावर खड्डा बुजवायचा. बुजवण्याआधी तळाशी प्लास्टिकचा एक तुकडा आणि चालू सालाचं एक नाणं टाकतात, पुढे कधी कुणी इथे खणलं तर त्याला कळावं की इथपर्यंत आम्ही येऊन गेलो. मी पहिल्यांदा रुपया टाकला तेव्हा मामा घाबरेघुबरे झाले. ‘ताई, आता गाव म्हणंल, बायांनी धन काढून घेतलं आन् वर दक्षिणा ठिवली.’ तेव्हापासून नाणं टाकताना मी गावातल्या दोघा-तिघांना बोलावून दाखवते, आणि त्यांच्यातल्याच एकाच्या हातानं टाकते.